डेलोरियन मोटर कंपनी
डेलोरियन मोटर कंपनी : स्पोर्ट्‌स मोटारगाड्या बनविणारी एक अल्पजीवी अमेरिकन कंपनी. स्थापना १९७५. संस्थापक जॉन झकरी डेलोरियन (१९२५–२००५) हा जनरल मोटर्समधील पाँटिॲक व शेव्हरोले या विभागांचा प्रमुख होता. १९७३ मध्ये राजीनामा देऊन त्याने सुरक्षित, टिकाऊ आणि माफक किंमतीची स्पोर्ट्‌स मोटारगाडी बनविण्याचे ठरविले.

कारखान्यासाठी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टजवळचे डनमरी हे ठिकाण निवडण्यात आले. जातीय हिंसाचार व तीव्र बेकारी यांनी ग्रासलेल्या या भागात रोजगार निर्माण व्हावा, म्हणून ब्रिटिश शासनाने कंपनीस कर्जे, अनुदाने व भांडवल या रूपांत एकूण साडेसात कोटी पौंडांहून अधिक साहाय्य दिले. बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी १९८१ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सुमारे २,५०० लोकांना येथे काम मिळाले. कॅथलिक व प्रॉटेस्टंट कामगार येथे एकत्र काम करीत. हे या कारखान्याचे मोठे सामाजिक यश होय.

‘डीएमसी–१२’ या गाडीचा आकृतिबंध इटालियन अभिकल्पक जॉर्जेट्टो जुजारो याने, तर तिची अभियांत्रिकी ब्रिटनमधील लोटस कंपनीने तयार केली. अगंज पोलादाचे न रंगविलेले बाह्य पत्रे आणि पंखांप्रमाणे वर उघडणारी दारे ही तिची वैशिष्ट्ये होत. मागील बाजूस २,८४९ घ. सेंमी. क्षमतेचे सहा सिलिंडरांचे एंजिन होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत त्याची शक्ती केवळ १३० अश्वशक्ती होती. नावातील ‘१२’ हा आकडा १२,००० डॉलर या अपेक्षित किंमतीचा निदर्शक होता. प्रत्यक्षात ती सुमारे २५,००० डॉलरांना विकली गेली. बहुतेक कामगारांना मोटारउद्योगाचा अनुभव नसल्याने आरंभीच्या गाड्यांत दोष राहिले व अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांची दुरुस्ती करावी लागली.

अमेरिकेत मंदी असतानाही १९८१ च्या अखेरीस उत्पादन वाढविण्यात आले. न विकलेल्या गाड्या साचत गेल्या. मार्गारेट थॅचर यांच्या शासनाने आणखी पैसा देण्यास नकार दिला व फेब्रुवारी १९८२ मध्ये कारखाना रिसीव्हरच्या ताब्यात गेला. १९ ऑक्टोबर १९८२ रोजी कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. त्याच दिवशी अंमली पदार्थांच्या व्यवहाराच्या आरोपावरून डेलोरियनला लॉस अँजेल्स येथे अटक झाली. ऑगस्ट १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला. परंतु तोपर्यंत कंपनी संपुष्टात आली होती. लोटससाठी दिलेल्या रकमेतील मोठा भाग अन्यत्र वळविला गेल्याचेही पुढे उघड झाले.

एकंदर सुमारे ९,००० गाड्या तयार झाल्या. बॅक टू द फ्यूचर (१९८५) या चित्रपटामुळे गाडीला मिळालेली कीर्ती कंपनीच्या उपयोगी पडली नाही. रोजगाराची निकड खरी असली, तरी तिच्यामुळे मालाला गिऱ्हाईक मिळत नाही, हे या उद्योगाच्या अपयशातून दिसून येते. त्याची सर्वांत जड किंमत डनमरीच्या कामगारांनी मोजली.