वाढत्या अंगाची गरम विजार

"स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासातले लिहून द्या," असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी नातवाची लोकरी विजार उसवीत बसले होते. गेल्याच थंडीत घेतलेली; यंदा घोट्याच्या चार बोटे वर गेली. आतली दोन बोटांची दुमड सोडली, तरी पुरेना. मनात आले, राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण विजारीचाच लिहावा.

दिल्लीत नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या भगिनींना पहिल्याच थंडीत कळून चुकते की, इथे नुसत्या स्वेटरवर भागत नाही. गरम कापड महाग, आणि मूल वर्षाला दोन-अडीच इंच वाढणार! म्हणून आपण 'वाढत्या अंगाचे' घेतो. पहिली थंडी ते ढगळ दिसते, दुसरी बरे बसते, तिसरीला कुणाला तरी द्यावे लागते.

हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या घरोघरच्या आयांपुढे उभा राहिला. सैन्याच्या गणवेषांना कापड हवे होते आणि कापडधंद्यातली माणसे युद्धकामाला हवी होती. म्हणून 1 जून 1941 रोजी तेथे कपड्यांचे रेशनिंग जाहीर झाले. माणशी वर्षाला 66 कुपने. पैसे मोजायचेच, वर कुपनेही द्यायची. पुरुषाच्या एका लोकरी विजारीला 8 कुपने जात. पुढे हा वाटा कमी कमी होत गेला. मुलांच्या कपड्यांना कुपने कमी पडत, शिवाय मुलांना 10 कुपने जादा मिळत. पण मुलाची हाडे कुपनांचा हिशेब थोडीच पाहतात!

1942 साली काटकसरीचे नियम आले. पुरुषांच्या विजारीच्या तळाला बाहेरून दुमड घालणेसुद्धा बंद झाले. तेव्हा कित्येकजण मुद्दाम लांब विजार विकत घेऊन घरी दुमडू लागले. 1943 मध्ये सरकारने डागडुजीची एक पुस्तिकाच काढली. मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून मुलांचे बेतावे, जुनी लोकर उसवून पुन्हा विणावी, असा त्यातला उपदेश. आपल्या आज्यांना हे कुणी छापून शिकवले नव्हते, एवढाच फरक!

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती तेथील स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संस्थेची युक्ती. ही संस्था 1938 साली लेडी रीडिंग यांनी उभी केली. लॉर्ड रीडिंग 1921 ते 1926 हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असताना याच बाई चिटणीस म्हणून दिल्लीत काम करीत होत्या. त्यांचा विवाह नंतर, 1931 साली झाला. युद्धकाळात या संस्थेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे चालविली. आईने लहान झालेला कपडा धुऊन न्यायचा. त्याचे माप आणि स्थिती पाहून गुण मिळायचे. त्या गुणांवर मोठ्या मापाचा दुसरा कपडा घरी न्यायचा. कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. कपड्यांचे रेशनिंग मार्च 1949 मध्ये उठले.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवते. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाची गरम विजार आणून दिली. धुतलेली, इस्त्री केलेली. "याला अगदी बसेल हो," म्हणाल्या. मी हसून म्हटले, "कशाला वहिनी, आम्ही घेणारच आहोत नवी." घरात पैसे नव्हते. पौष उलटून गेला, तेव्हा नवी विजार आली. तोवर पोर अर्ध्या चड्डीत शाळेला गेले. रात्री त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना मी खोबरेल लावीत असे, आणि ते म्हणे, "आई, शेजारच्यांची विजार चांगली होती ना?" वहिनी पुन्हा कधी काही घेऊन आल्या नाहीत. त्यांचे मन मी दुखावले होते आणि सोसले माझ्या लेकराने. आमच्यामध्ये असे एखादे केंद्र असते, एक वही असती, तर मी माझ्याकडचे टोपडे-झबले देऊन ती विजार ताठ मानेने आणली असती.

म्हणून भगिनींनो, आपल्या मंडळाने दरवर्षी कोजागिरीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वी, अशी अदलाबदल सुरू करावी, एवढीच माझी सूचना. कपडा धुतलेला असावा, बटणे शाबूत असावीत, आणि वहीत नावे न घालता फक्त माप आणि गुण मांडावेत. शिंपी शिवणीत जे जास्तीचे कापड सोडतो, त्याला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. मुलाच्या वाढीसाठी ती आपण एकमेकींच्या घरांतही थोडी सोडून ठेवू.

नातवाची विजार मी परत शिवून, धुऊन ठेवली आहे. वहीतली पहिली नोंद तिचीच करावी.