नाईल आणि घोड : पाणी, शेती व विज्ञान

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे, आणि ज्या आंबेगावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, न्यायालयाच्या कागदांवर त्या गावाचे नाव रोज लिहिले जाते. गाव मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे अवशेषरूपाने काय दिसेल तेवढेच. विकासासाठी एखाद्या प्रदेशाने काय दिले याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास या नावापासूनच आरंभ करावा लागेल.

हा हिशेब आम्ही आज इजिप्त देशाच्या शेजारी ठेवून मांडणार आहोत. घोड नदीच्या काठी बसून नाईलची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, या दोन खोऱ्यांचा संबंध आपण समजतो त्याहून जुना आणि जवळचा आहे. नाणेघाटातून कल्याण बंदराकडे जाणारा माल तांबड्या समुद्रातील बंदरांपर्यंत पोहोचत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे येतात. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. परंतु या प्राचीन वैभवात आम्हांस फार रमावयाचे नाही. आमचा विषय गेल्या दोनशे वर्षांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये महंमद अली याची सत्ता स्थापन झाली. त्याने तरुणांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठविले, कारखाने काढले, आणि १८२० नंतर लांब धाग्याच्या कापसाची लागवड वाढविली. कापसाला उन्हाळ्यात पाणी लागते. तोपर्यंत इजिप्तची शेती पुराच्या पाण्यावर होत असे : नदी चढली की शेते बुडत, पाणी ओसरले की ओल्या गाळात बी टाकले जाई. बारमाही पाण्यासाठी कालवे आणि बंधारे आले, आणि त्याबरोबर सबंध देश एका पिकाला व एका गिऱ्हाइकाला बांधला गेला. ते गिऱ्हाईक म्हणजे लँकेशायरच्या गिरण्या.

त्याच गिरण्यांनी आपल्यालाही बांधले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि इजिप्त व मुंबई इलाखा या दोन्हीकडे पैशाचा पूर आला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे तेवढी उरली. इजिप्तच्या खेदिवाने परदेशी सावकारांकडून घेतलेले कर्ज १८७६ साली फिटेनासे झाले, आणि १८८२ साली इंग्रजी फौजा त्या देशात उतरल्या. इकडे दख्खनच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर वाढलेला सारा आणि सावकाराचे खत अशी दोन ओझी आली. १८७५ साली सुपे येथे दंगा उसळला, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत लोकांनी कर्जखते जाळली. एकीकडे राज्य गहाण पडले, दुसरीकडे कुणबी. कारण मात्र एकच होते : दूरच्या बाजारासाठी पीक काढावयाचे, आणि त्या बाजाराचा भाव ठरविण्यात पिकविणाऱ्याचा हात नाही.

यापुढचा धागा तर थेट पाण्याचाच आहे. इजिप्तचे कालवे नीट करण्यासाठी इंग्रजांनी जे इंजिनियर नेले ते हिंदुस्थानात तयार झालेले होते. आस्वानच्या पहिल्या धरणाची आखणी करणारा विल्यम विलकॉक्स हा हिंदुस्थानात जन्मला, रुरकीच्या महाविद्यालयात शिकला आणि १८८३ साली इजिप्तला गेला. ते धरण १९०२ मध्ये पुरे झाले. नाईलचा मोडकळीस आलेला बंधारा सुधारणारा कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ हाही मूळचा इकडच्याच खात्यातला. आणि १९०१ साली हिंदुस्थान सरकारने पाटबंधाऱ्यांविषयी जे कमिशन नेमले त्याचे अध्यक्षपद त्यालाच दिले गेले. त्यानंतरच्या काळात दख्खनमध्ये दारणा, भंडारदरा, भाटघर अशी मोठी धरणे उभी राहिली. म्हणजे नाईलवर गिरविलेला धडा प्रवरा आणि नीरा यांच्या काठी पुन्हा वाचला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

धड्याबरोबर चुकाही आल्या. बारमाही पाण्याने इजिप्तमध्ये जमिनी उफळल्या, क्षार वर आले, आणि कालव्यातील गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या रोगाने खेडीच्या खेडी पोखरली. नीरेच्या कालव्यावर उसाच्या जमिनी चिबड होऊ लागल्या. पाणी थोडे थोडे पुष्कळ गावांना मिळावे आणि जमीन बिघडू नये म्हणून विश्वेश्वरय्यांनी तेथे ठराविक पट्ट्यांना पाळीने पाणी देण्याची पद्धत घातली. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाण्याच्या अभ्यासासाठी एक खास शाखा काढली. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था ती हीच. चूक झाली, ती मोजली गेली, आणि मोजणाऱ्यांची संस्था उभी राहिली, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. विज्ञानाचे धोरण ही काही केवळ दिल्लीत ठराव करण्याची गोष्ट नाही. चिबड झालेल्या शेतात भोक पाडून पाण्याची पातळी पाहणारा माणूस हेही विज्ञानाचे धोरणच होय.

दोन्ही देश स्वतंत्रपणे चालू लागले ते जवळजवळ एकाच वेळी. इजिप्तने सप्टेंबर १९५२ मध्ये कायदा करून एका मालकाकडे दोनशे फेद्दानांहून अधिक जमीन असू नये असे ठरविले. फेद्दान म्हणजे आपल्या एकराहून किंचित मोठे माप. मुंबई राज्यात कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. परंतु जमीन वाटून संपत्ती वाढत नाही, हे दोघांनाही लवकरच कळले. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्येच दाखवून दिले होते की, १७७१ साली तेथे खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. जमीन वाढत नाही, माणसे वाढतात; तेव्हा उत्तर एकच दिसले, ते म्हणजे पाणी.

नासेरांनी त्या पाण्यासाठी १९५६ साली सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला, रशियाची मदत घेतली, आणि १९६० ते १९७० या दहा वर्षांत आस्वानचे उंच धरण बांधले. इजिप्तला वीज मिळाली, दुष्काळ आणि पूर या दोहोंपासून संरक्षण मिळाले. परंतु पुराबरोबर येणारा गाळ धरणामागे अडला, तेव्हा शेतकऱ्याला रासायनिक खत विकत घ्यावे लागले. इजिप्तमधील सुमारे ५० हजार नूबियन लोकांना आपली गावे सोडावी लागली. अबू सिंबेलची देवळे मात्र जगाने वर्गणी काढून, दगड दगड कापून उंचावर नेली. आम्हांस त्या देवळांविषयी आदर आहे. पण देऊळ हलविताना जी काळजी घेतली गेली ती माणसे हलविताना घेतली गेली काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. घोड नदी आहुप्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. तिथे पाऊस कोसळतो. चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला गेले की तोच पाऊस हात आखडतो. निसर्गाने पाणी वर दिले आणि सपाट काळी जमीन खाली दिली. ही विषमता सांधण्यासाठी कुकडी प्रकल्प आला : येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे अशी पाच धरणे. जुन्नर, आंबेगाव व शिरूर यांच्याबरोबर पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंतच्या जमिनी या पाण्याच्या हिशेबात धरल्या गेल्या. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा तरुण मुंबईत गिरणीकामगार होता आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मालमोटार अडविताना तिच्याखाली चिरडला गेला. ज्या लँकेशायरने नाईलच्या शेतकऱ्याला बांधले त्याच व्यापाराशी झुंजताना घोडेच्या खोऱ्यातला मुलगा मेला.

पाण्याने काय केले हे खालच्या भागात डोळ्यांना दिसते. नारायणगावची द्राक्षे व टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाट्याचा बाजार, पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना, ही सगळी समृद्धी खरी आहे आणि ती कष्टाने मिळविलेली आहे. तिलाही किंमत पडली. ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहावयास आला. तेथेच त्याची पिले वाढू लागली, आणि रात्री पाणी धरावयास जाणारा शेतकरी जीव मुठीत धरून जाऊ लागला. इजिप्तच्या कालव्यात गोगलगाय होती, आपल्या कालव्याकाठी बिबट्या आहे. पाणी एकटे कधीच येत नाही.

आणि वरचा भाग? ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते बहुतेक महादेव कोळी समाजाचे लोक. उतारावरची भाताची खाचरे, नाचणी, वरई, आणि हिरड्याची झाडे एवढाच त्यांचा प्रपंच. पावसाळा संपला की यांतली कित्येक माणसे खालच्या बागायतीत मजुरीला जातात. म्हणजे ज्या पाण्यासाठी घर सोडले त्याच पाण्यावरच्या मळ्यात रोजगार शोधतात. हिरडा औषधाला आणि कातडी कमावण्याला लागतो. त्याचा भाव ठरतो दूरच्या बाजारात. जून २०२० च्या निसर्ग वादळाने तो हिरडा झोडपला, आणि नुकसानभरपाईसाठी लोकांना लढावे लागले. १८६५ चा कापूस आणि आजचा हिरडा यांची गोष्ट मुळात वेगळी नाही.

तरीही या वरच्या भागाने एक गोष्ट अशी केली आहे की, तिचा अभिमान सर्व तालुक्याने बाळगावा. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साह्याने धरणग्रस्तांनी डिंभ्याच्या जलाशयात मासेमारीची सहकारी सोसायटी चालविली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर केली. डोंगरउतारावर मिळून पडकई करून खाचरे तयार केली. या कामास २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. गाळपेर म्हणजे काय, हे आपण क्षणभर पाहू. पाणी मागे हटावे आणि ओल्या गाळात बी पडावे, हीच नाईलकाठची हजारो वर्षांची शेती. आस्वानच्या धरणाने तिकडे तिची अखेर झाली, आणि इकडे धरणानेच उघड्या टाकलेल्या काठावर आदिवासींनी ती नव्याने उभी केली. ती कोणत्याही योजनेच्या मूळ आराखड्यातून आलेली नाही. ती गरजेतून आली.

विज्ञानाचीही गोष्ट याच खोऱ्यांत आहे. ४ मार्च १९५८ रोजी भारत सरकारने विज्ञानधोरणाचा ठराव केला. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रहाद्वारे परदेशांशी बोलणारे केंद्र सुरू झाले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव ही या जागेची पुण्याई. दोरांनी ताणलेल्या तारेच्या जाळीची तबकडी स्वरूप यांनी कल्पिली, म्हणून एवढी मोठी दुर्बीण परवडण्याजोग्या खर्चात झाली. इजिप्तचे अहमद झेवेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते अमेरिकेतील कामासाठी. स्वरूप अमेरिकेतून परत आले, कारण होमी भाभांनी त्यांना बोलावून काम सोपविले. बुद्धी दोन्ही देशांत होती, तिला घरी जागा करून देणारी संस्था असणे महत्त्वाचे ठरले.

परंतु शांतता ही देखील एक जमीनच आहे आणि ती कोणीतरी द्यावी लागते. दुर्बिणीच्या आसपास मोठ्या उद्योगांवर निर्बंध आहेत; पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्गही तिच्यामुळे बदलण्याचा विचार करावा लागला. हे निर्बंध अन्यायाचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या दीर्घिका ऐकणारे हे यंत्र मानवजातीचे आहे. पण मग ज्यांनी शांतता दिली त्यांच्या मुलांना त्या ज्ञानाचा वाटा मिळतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार या भागाला आहे.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गाव दरड कोसळून गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा क्षीण ध्वनी टिपणारे विज्ञान ज्या भागात आहे, त्याच भागात डोंगराची माती किती पाणी धरील आणि केव्हा सुटेल हे गावाला वेळेवर सांगणारी व्यवस्था नव्हती. दोष खगोलशास्त्राचा नव्हे. कोणत्या प्रश्नाला विज्ञान म्हणावयाचे आणि कोणत्या प्रश्नाला नशीब, याचा निर्णय आपण कसा करतो याचा तो दोष आहे.

इजिप्तने नाईलला बांध घातला, तरी आज दहा कोटींहून अधिक लोकसंख्येचा तो देश जगातील गव्हाच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे. मोठे धरण म्हणजे विकासाचा शेवट नव्हे, हे त्यावरून शिकावे. घोडेगावात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, खाली नारायणगावास कृषी विज्ञान केंद्र आहे, खोडदला दुर्बीण आहे. हिरड्यावर प्रक्रिया करून तो येथूनच विकला जाणे, डोंगरउतारावरच्या भाताला व नाचणीला द्राक्षांइतकेच संशोधन मिळणे, जलाशयाच्या काठच्या वाड्यांना उपसा करून पाणी देणे, आणि प्रत्येक डोंगरवाडीवर पाऊस मोजणारा एक शिकलेला तरुण नेमणे, ही चार कामे या तीन संस्थांच्या आणि ग्रामपंचायतींच्या आटोक्यातली आहेत. पाणी उताराने आपोआप खाली जाते. ते वर न्यावयाचे तर पंप लागतो, आणि ज्ञानाचेही तसेच आहे. तो पंप बसविण्याची मागणी प्रथम पाणी वापरणाऱ्या खालच्या गावांनी करावी, असे आम्हांस वाटते. कारण वरच्यांनी आपला हप्ता केव्हाच भरलेला आहे.