ख्रिस्ती वैराग्य

ख्रिस्ती वैराग्य म्हणजे देवावरील प्रेमाला सर्व प्रेमांत पहिले स्थान देऊन धन, मान, आप्त व स्वतःचा जीव यांविषयीची आसक्ती सोडण्याची ख्रिस्ती धर्मातील साधना होय. तीत वस्तूंच्या त्यागापेक्षा मनाच्या निष्ठेला अधिक महत्त्व आहे. महाराष्ट्रात या साधनेची दोन रूपे आढळतात : कॅथलिक धर्मसंघांतील मठवासी जीवन आणि एकोणिसाव्या शतकानंतर मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती भक्तांनी प्रपंचात राहून आचरलेले वैराग्य.

शास्त्राधार

संपूर्ण अंतःकरणाने देवावर प्रीती करावी ही आज्ञा जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात येते. येशूने तिलाच सर्वांत मोठी आज्ञा म्हटल्याचे मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, अशी शिकवण आहे. आईबाप व मुले यांच्यावर ख्रिस्तापेक्षा अधिक प्रेम करणारा त्याचा शिष्य होण्यास योग्य नाही, असेही त्याच शुभवर्तमानात म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानात हाच विचार आप्तांचा द्वेष करण्याच्या भाषेत येतो. अनेक भाष्यकार तेथे प्रेमाचा क्रम दाखवणारी अतिशयोक्ती मानतात.

या वचनांना एक मर्यादाही आहे. स्वतःची मालमत्ता देवाला अर्पण केल्याचे सांगून वृद्ध आईबापांचा सांभाळ टाळणाऱ्यांचा येशूने निषेध केला, असे मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. त्यामुळे देवनिष्ठेचे निमित्त करून कर्तव्य सोडणे हे ख्रिस्ती वैराग्यात बसत नाही.

रायगड जिल्ह्यातील मठपरंपरा

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्रास मिळते. रेवदंडा येथे पोर्तुगीजांचे तटबंदीचे चौल शहर होते. तेथे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन व जेझुइट या संघांच्या वास्तू होत्या. या संघांतील साधक दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन अशी तीन व्रते घेत. १७४० साली हा प्रदेश मराठ्यांकडे आला. कोटाच्या आत जुन्या ख्रिस्ती वास्तूंचे अवशेष आजही दिसतात.

नारायण वामन टिळक

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रात या साधनेचे दोन टप्पे दिसतात. १८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात, आप्त आणि प्रतिष्ठा यांना ते मुकले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही काही वर्षे ताटातूट झाली.

दुसरा टप्पा १९१७ साली आला. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना होती. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अभंगांतील वैराग्याची भाषा वारकरी संतपरंपरेशी नाते सांगते. दरबाराचे काम सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगाव येथे मुक्ती सदन उभारून त्यांनी विधवा, अनाथ व दुष्काळग्रस्त मुली-स्त्रियांना आश्रय दिला. सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली वारली. त्यानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

कुटुंब आणि त्याग

एकाच्या त्यागाचा भार घरातील इतरांवर पडतो, हा या साधनेतील कठीण प्रश्न आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो पत्नीच्या बाजूने मांडला गेला आहे. पतीच्या धर्मांतरानंतरचा विरह, नातलगांचा आधार आणि आश्रितपण, तसेच पतीच्या उदारपणामुळे संसारात होणारी ओढाताण यांचे वर्णन त्यांनी विनोद न सोडता केले आहे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पतीच्या पाठोपाठ झाला नाही. सोवळेओवळे व जातिभेद यांविषयीचे त्यांचे विचार हळूहळू बदलत गेले आणि त्यानंतर त्यांनी तो निर्णय घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुढे नेले.

इतर परंपरांशी संबंध

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९१६ साली त्यांनी ब्रह्मजिज्ञासेने घर सोडले आणि आजन्म ब्रह्मचर्य पाळले. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि नव्या कराराचा अभ्यास करून त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन सिद्ध केले. ख्रिस्ती वैराग्य आणि गीतेतील अनासक्ती यांत फलाची व मालकीची इच्छा सोडणे हे साम्य आहे. ख्रिस्ती साधनेत मात्र त्यागाचे केंद्र येशू ख्रिस्त ही व्यक्ती असते आणि शेजाऱ्याची सेवा ही त्या त्यागाची कसोटी मानली जाते.

हेही पाहा

लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई, विनोबा भावे, रेवदंडा