लॅपटॉपचं झाकण बंद, बाहेरचा मॉनिटर चालू : वीजबचतीच्या सेटिंग कुठे अडतात?

लॅपटॉपला 22 किंवा 24 इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडायचा, झाकण लावून लॅपटॉप बाजूला सरकवायचा आणि मोठ्या स्क्रीनवर काम करायचं. घरून काम करणारे, सेवा केंद्र चालवणारे, हिशेब-टायपिंगची कामं घेणारे अशा अनेकांच्या टेबलावर आता ही रचना दिसते. नवा डेस्कटॉप घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पण या रचनेत ठरावीक तक्रारी येतात. दहा मिनिटं उठून गेलं की मॉनिटर काळा पडतो आणि माउस हलवला तरी उठत नाही. कधी मॉनिटर आपोआप चालू-बंद होत राहतो. कधी उघडलेल्या खिडक्या सगळ्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या सापडतात. बहुतेक वेळा यात बिघाड नसतो. लॅपटॉप आणि मॉनिटर आपापल्या परीने वीज वाचवत असतात आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला चुकीचा कळतो.

आत नेमकं काय घडतं?

झाकण बंद झालं हे लॅपटॉपला बहुधा चुंबक आणि हॉल सेन्सर यांच्यामुळे कळतं. ते कळलं की तो स्वतःची स्क्रीन बंद करतो. आता त्याच्याकडे एकच स्क्रीन उरते, ती म्हणजे बाहेरचा मॉनिटर.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्ही जोडण्यांत एक तार फक्त "पलीकडे मॉनिटर आहे" एवढंच सांगण्यासाठी असते. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. काही मॉनिटर गाढ झोपेत गेले की या तारेवरचा इशाराही बंद करतात. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त दिसतं. मॉनिटर झोपलाय, पण लॅपटॉपला वाटतं की कोणीतरी केबलच उपसली. झाकण बंद आणि मॉनिटरही नाही, म्हणजे एकही स्क्रीन नाही. मग तो खिडक्या हलवतो किंवा सरळ स्लीपमध्ये जातो.

चालू-बंदचा खेळही इथूनच सुरू होतो. सिग्नल गेला की मॉनिटर दुसऱ्या पोर्टवर काही आहे का ते शोधतो. या शोधात तारेवरचा इशारा पुन्हा हलतो, लॅपटॉपला वाटतं नवा मॉनिटर जोडला, आणि तो जागा होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

जुन्या व्हीजीए मॉनिटरवर हा त्रास कमी होता. 1993 मध्ये व्हेसा या संस्थेने मॉनिटरच्या वीजबचतीची डीपीएमएस नावाची पद्धत ठरवली. त्यात संगणक सिंकचे इशारे थांबवायचा आणि मॉनिटर झोपायचा. संवाद एकाच बाजूने होता आणि व्हीजीए केबलमध्ये हॉट प्लगची वेगळी तारही नव्हती.

सेटिंग कुठे बदलायच्या?

विंडोज : कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा आणि "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ" निवडा. तिथे दोन रकाने असतात, ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन. प्लग्ड इनला "डू नथिंग" ठेवा. मग स्क्रीन बंद होण्याची वेळ आणि स्लीपची वेळ वेगवेगळी ठरवा. स्क्रीन 10 मिनिटांनी बंद झाली म्हणून लॅपटॉपही 10 मिनिटांनी झोपायला हवा असं नाही. विंडोज 11 वापरत असाल तर सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.

मॅकबुक : झाकण बंद ठेवून काम करायचं तर चार्जर, बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस हे सगळं जोडलेलं असावं असं ॲपल सांगतं. झाकण लावल्यावर मॉनिटर काळा पडत असेल तर आधी चार्जर तपासा.

लिनक्स : उबंटूसारख्या सिस्टिममध्ये लॉगिनडी ही सेवा झाकणाकडे लक्ष ठेवते. एकापेक्षा जास्त स्क्रीन जोडलेल्या दिसल्या तर झाकण लावल्याकडे ती मूळ सेटिंगनुसार दुर्लक्ष करते. मॉनिटर "गायब" झाला की ही अट मोडते आणि लॅपटॉप सस्पेंड होऊ शकतो. म्हणून इथे आधी मॉनिटरचं सेटिंग बघायचं.

मॉनिटर : त्याच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप असेल तर बंद करा. इनपुट "ऑटो"वर न ठेवता तुमचं पोर्ट पक्कं निवडा. यूएसबी-सी केबलने मॉनिटरच लॅपटॉपला चार्ज करत असेल, तर झोपेतही चार्जिंग चालू ठेवण्याचा पर्याय शोधा. नाहीतर मॉनिटर झोपला की लॅपटॉप गुपचूप बॅटरीवर येतो.

कीबोर्ड : झाकण बंद असलं की पॉवर बटण आत अडकतं. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर संगणक जागा करण्याची परवानगी द्या. काही लॅपटॉप ब्लूटूथ कीबोर्डने उठत नाहीत, तिथे वायरचा कीबोर्ड बरा.

डीप स्लीप बंद केल्याने बिल वाढेल का?

फारसं नाही. अशा एलईडी मॉनिटरला चालू असताना साधारण 20 वॅट लागतात असं धरा. रोज 10 तास, 30 दिवस, म्हणजे महिन्याला 6 युनिट. साध्या स्टँडबायमध्ये अर्धा वॅट धरला, तर महिनाभर चोवीस तास ठेवूनही 0.36 युनिट होतात. खरी बचत स्क्रीन वेळेवर बंद होण्यात आहे.

वीज गेली तर?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वीज गेली की मॉनिटर आणि चार्जर एकाच क्षणी बंद होतात. लॅपटॉप मात्र बंद झाकणाखाली बॅटरीवर चालू राहू शकतो. समोर काही दिसत नाही, म्हणून आपण समजतो की सगळं बंद झालं. दोन-तीन तासांनी बॅटरी संपते आणि अर्धवट भरलेला अर्ज किंवा सेव्ह न केलेली फाइल जाते.

इथे ऑन बॅटरीच्या रकान्यात झाकणासाठी "स्लीप" ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. झाकण आधीपासूनच बंद असताना वीज गेली, तर तो नियम लागू होईलच असं नाही. बॅटरीवरची स्लीपची वेळ 5 ते 10 मिनिटं ठेवा आणि त्यानंतर हायबरनेट होऊ द्या. स्लीपमध्ये काम रॅममध्ये राहतं आणि बॅटरी संपली की जातं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलं जातं, त्यामुळे वाचतं. तरीही भरलेला वेब फॉर्म सर्व्हरवर टिकून राहील याची खात्री नसते, तेव्हा मध्ये मध्ये सेव्ह करत राहा.

इन्व्हर्टर असेल तर वीज बदलण्याच्या क्षणी मॉनिटर लुकलुकतो आणि खिडक्या हलतात. अनेक इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं की बदल लवकर होतो. मात्र व्होल्टेज फार खाली-वर होत असेल तर या मोडमध्ये तो वारंवार बॅटरीवर जातो.

उन्हाळ्यात झाकण उघडंच बरं

अनेक लॅपटॉपची गरम हवा बिजागरीजवळून बाहेर पडते, काही कीबोर्डच्या फटीतूनही हवा घेतात. झाकण लावलं की हा मार्ग अडतो. ॲपल मॅकबुकसाठी खोलीचं तापमान 10 ते 35 अंश असावं असं सांगतं. विदर्भात मे महिन्यात कूलर नसलेली खोली हे सहज ओलांडते. अशा वेळी झाकण उघडं ठेवा आणि डिस्प्लेच्या सेटिंगमधून फक्त बाहेरची स्क्रीन वापरा. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करा. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला, तर चार्जर काढा आणि लॅपटॉप दुरुस्तीला न्या.

शेवटी एक चाचणी

सगळं बदलून झालं की एक साधी फाइल उघडून सेव्ह करा, झाकण लावा आणि टेबलाचा मुख्य स्विच बंद करा. 15 मिनिटांनी वीज चालू करून बघा. लॅपटॉप स्लीप किंवा हायबरनेटमध्ये गेला का, कीबोर्डने उठतो का, खिडक्या जागेवर आहेत का? हायबरनेटमधून उठवायला बहुधा झाकण उघडून पॉवर बटण दाबावं लागतं, तो बिघाड नाही. ही चाचणी अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच करून ठेवा.