वारशाच्या मनगटी घड्याळाची कालनिश्चिती

मुंबईतील घड्याळांच्या व्यापाराचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेता येतो. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याने १८६५ मध्ये या शहरात आपली पेढी उघडली आणि १८८६ पासून ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव येथूनच बाजारात रूढ झाले. या कंपनीची घड्याळे स्वित्झर्लंडमधील सेंट इमिए या गावाशी जोडलेली होती. तरीही त्यांच्या तबकडीवर बहुधा बॉम्बे आणि कलकत्ता अशी नावे छापलेली आढळतात, आणि ती वाचून घड्याळ भारतात तयार झाले असावे असा समज घरोघरी होतो. ही नावे विक्रीच्या पेढ्यांची होत, कारखान्याची नव्हेत.

मनगटी घड्याळ पुरुषांच्या वापरात सर्रास आले ते पहिल्या महायुद्धामुळे, कारण खंदकात खिशातून घड्याळ काढून पाहणे गैरसोयीचे होते. वेस्ट एंडची ‘सोवार’ मालिका ब्रिटिश भारतीय फौजेतील शिपायांमध्ये याच काळात प्रसिद्ध झाली. त्या पिढीतील घड्याळांत पट्टा ओवण्यासाठी डबीला, म्हणजे यंत्र सामावणाऱ्या धातूच्या कवचाला, तारेच्या कड्या झाळलेल्या असतात. तबकडी पुष्कळदा तांब्यावर भाजलेल्या पांढऱ्या मिन्याची असते आणि मागचे झाकण बिजागरीवर उघडते. ही लक्षणे एकत्र आढळली तर घड्याळ साधारणतः १९१० ते १९२५ च्या दरम्यानचे मानता येते.

एकट्या तबकडीवर मात्र विसंबणे धोक्याचे आहे. दमट हवेने काळवंडलेली तबकडी नव्याने रंगवून देण्याचा धंदा भारतातील शहरांत मोठ्या प्रमाणावर चालला, आणि त्यात मूळ नावाऐवजी अधिक नामांकित कंपनीचे नाव घालण्याचे प्रकारही झाले. अशी तबकडी भिंगाखाली पाहिली की अक्षरांच्या कडा जाड व पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि सहाच्या आकड्याखालील ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ एकतर गायब असते किंवा वाकडी. अनेक पिढ्यांनी वापरलेले घड्याळ हे निरनिराळ्या हातांनी पाने बदललेल्या पोथीसारखे असते: काटे एका दशकातील, चावी दुसऱ्या, काच तिसऱ्या. म्हणून तबकडी, डबी आणि यंत्र यांचा काळ वेगवेगळा ठरवून मगच एकंदर निष्कर्ष काढणे हीच शास्त्रशुद्ध रीत आहे.

यांपैकी सर्वांत विश्वासार्ह साक्ष यंत्राची. अनुभवी घड्याळजीने झाकण काढल्यावर डोलचक्राजवळ, म्हणजे मागेपुढे झोके घेऊन वेळेचे नियमन करणाऱ्या चक्राजवळ, यंत्र बनवणाऱ्या कारखान्याचे चिन्ह व आकडा दिसतो. पुष्कळ कंपन्या यंत्रे बाहेरून विकत घेत असल्याने हे नाव तबकडीवरील नावाहून भिन्न असणे स्वाभाविक आहे. त्याच चक्राच्या मधोमध माणकावर लायर या प्राचीन तंतुवाद्याच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग असेल, तर ती ‘इन्काब्लॉक’ ही धक्कारोधक योजना होय. ती १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रचारात आली आणि वेस्ट एंडने तिचा फार लवकर स्वीकार केला. तेव्हा मूळची अशी स्प्रिंग असलेले यंत्र पहिल्या महायुद्धातील असू शकत नाही, मग कुटुंबातील आठवण काहीही सांगो.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. १९६० च्या दशकापर्यंत यासाठी रेडियम वापरत, पुढे ट्रिटियम आले आणि ‘स्विस मेड’च्या बाजूंना ‘टी’ हे अक्षर छापले जाऊ लागले. रेडियमचा लेप आज चमकत नसला तरी त्याचा किरणोत्सर्ग संपलेला नसतो, कारण आधी झिजतो तो प्रकाश देणारा रासायनिक पदार्थ, तर रेडियम निम्मे होण्यासच सुमारे १,६०० वर्षे लागतात. अशी तबकडी घरी उघडून खरवडणे सर्वथा टाळले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर घड्याळांचे चित्र निराळे आहे. आयातीवरील निर्बंधांच्या काळात सरकारी मालकीच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला उत्पादन सुरू केले आणि १९६१ मध्ये पहिली घड्याळे बाहेर पडली. त्यामुळे एचएमटीचे कोणतेही मनगटी घड्याळ या वर्षाआधीचे नसते. ‘जनता’ हे चावीचे, सतरा माणकांचे घड्याळ पुढे अनेक वर्षे निघत राहिले, म्हणून केवळ नावावरून त्याचे दशक ठरत नाही.

अशा वेळी झाकणाच्या आतील बाजूवर टोकदार सुईने कोरलेल्या बारीक खुणा मोलाच्या ठरतात. दुरुस्तीला आलेले घड्याळ पुन्हा ओळखता यावे म्हणून घड्याळजी तेथे आपली खूण, पावतीचा क्रमांक आणि कधी महिना व वर्षही टिपून ठेवीत. त्यांतील सर्वांत जुनी तारीख ही त्या झाकणाच्या वयाची निदान खालची मर्यादा ठरते, आणि झाकण मूळ डबीचेच असल्याची खात्री पटली तर डबीचीही. पॉलिश करताना या खुणा घासून काढल्या जातात, म्हणून घड्याळ सफाईला देण्यापूर्वीच त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे.