मकबूल, मॅकबेथ आणि बदनामीचा इतिहास

मॅकबेथ नावाचा एक राजा खरोखर होऊन गेला. स्कॉटलंडवर त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले. तिथले राजे तेव्हा बहुधा तलवारीच्या जोरावर गादीवर येत आणि तलवारीनेच जात. अशा काळात सतरा वर्षे टिकणे सोपे नव्हते. त्याच्या आधीचा राजा डंकन मारला गेला तो मॅकबेथच्या फौजेशी झालेल्या लढाईत. तो काही पाहुणा म्हणून आलेला म्हातारा नव्हता आणि झोपेतही मारला गेला नव्हता. १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने दान केले, अशी नोंद आहे. ज्या राजाला आपली गादी डळमळीत वाटते तो घर सोडून इतक्या लांब जात नाही.

आज जगाला माहीत असलेला मॅकबेथ मात्र वेगळाच आहे. तो आपल्या घरी झोपलेल्या वृद्ध राजाचा खून करतो, मित्राला मारतो आणि शेवटी वेडापिसा होऊन मरतो. हा मॅकबेथ शेक्सपिअरने साधारण १६०६ मध्ये लिहिला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता, मूळचा स्कॉटलंडचा राजा. त्याचे स्टुअर्ट घराणे आपला मूळपुरुष म्हणून बँकोचे नाव सांगे. शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या बखरीवरून नाटक रचले, त्या बखरीत बँको हा डंकनच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. नाटकात तो निर्दोष झाला. जेम्सने स्वतः जादूटोण्यावर १५९७ मध्ये पुस्तक लिहिले होते, आणि नाटकाची सुरुवातच चेटकिणींनी होते. नाटक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दरबाराला रुचेल अशी कथा रचली गेली आणि ज्याची कथा होती तो साडेपाचशे वर्षांपूर्वीच मातीआड गेला होता. उत्तर द्यायला तो नव्हता.

हे सारे आठवले ते विशाल भारद्वाज यांचा ‘मकबूल’ पुन्हा पाहताना. २००३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट जानेवारी २००४ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. स्कॉटलंडच्या जागी मुंबई आली, राजाच्या जागी अंडरवर्ल्डचा म्होरक्या जहांगीर खान ऊर्फ अब्बाजी. पंकज कपूर यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अब्बाजीचा उजवा हात मियाँ मकबूल म्हणजे इरफान खान, आणि अब्बाजीची रखेल निम्मी म्हणजे तब्बू. पटकथा भारद्वाज यांनी अब्बास टायरवाला यांच्यासोबत लिहिली.

शेक्सपिअर आपल्या मोहल्ल्यात उतरला तो काही या चित्रपटामुळे पहिल्यांदा नाही. मराठी रंगभूमीला ‘मॅकबेथ’ शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’मुळे माहीत झाला, पुढे १९५४ मध्ये शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिले. त्याच मुंबईत पारशी नाटक कंपन्यांसाठी उर्दूत शेक्सपिअर लिहिणारे मुन्शी होते. मेहदी हसन ‘अहसन’ लखनवी यांनी ‘हॅम्लेट’चे ‘खून-ए-नाहक’ केले, आगा हश्र काश्मिरी यांनी ‘किंग लिअर’चे ‘सफेद खून’. १९३५ मध्ये सोहराब मोदींनी ‘खून का खून’ या नावाने ‘हॅम्लेट’ पडद्यावर आणला. या नाटकांत बादशाह होते, शहजादे होते, वजीर होते. उर्दू बोलणारा माणूस तिथे राजाही असू शकत होता आणि त्याचे दुःख राजाचे दुःख होते.

मग हिंदी पडद्यावरचा तो शहजादा हळूहळू कुठे गेला? काही काळ तो नवाब राहिला, शायर राहिला, मग नायकाचा जिवाला जीव देणारा दोस्त झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तो अधिकाधिक गुन्हेगार म्हणून दिसू लागला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दंगलीतील मृतांचा आकडा ९०० आहे आणि त्यांपैकी ५७५ मुसलमान आहेत. पण पडद्यावर त्या मेलेल्यांपेक्षा पिस्तूल हातात घेतलेला मुसलमानच जास्त दिसला. भिवंडीचा यंत्रमागवाला, गोदीतला हमाल, शाळेत मराठी शिकवणारी बाई यांच्यावर कोणी चित्रपट काढल्याचे चटकन आठवत नाही.

‘मकबूल’ही याच चौकटीत बसतो. तिथेही टोळी आहे, सुपारी आहे, खून आहेत. तरी माझ्या मते तो वेगळा ठरतो, आणि त्याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले, यातली माणसे माणसासारखी आहेत. दुबई-कराचीत जाऊन राहायला अब्बाजी तयार नाही, त्याचा जीव मुंबईवर आहे. मकबूलला केलेल्या पापाची जाणीव आहे आणि ती त्याला जगू देत नाही. या घरात नमाज आहे, दर्गा आहे, लग्नघरातली देगची लगबग आहे, आणि हे सगळे नुसत्या सजावटीसाठी आणलेले वाटत नाही. खुनी मुसलमान हिंदी चित्रपटात पुष्कळ आहेत. पण खुनानंतर ज्याला झोप येत नाही असा फार थोडा दिसतो.

दुसरे, चेटकिणी. भारद्वाजांनी त्यांना इन्स्पेक्टर केले. ओम पुरींचा पंडित आणि नसीरुद्दीन शाहांचा पुरोहित हे दोघे कुंडल्या मांडतात, भविष्य सांगतात आणि टोळ्यांमध्ये ताकदीचा तोल राखला पाहिजे असे म्हणतात. कोणाला वर चढवायचे आणि कोणाला केव्हा खाली आणायचे याचा हिशेब वर्दीतल्या माणसांकडे आहे. शेक्सपिअरच्या चेटकिणी फक्त भविष्य सांगतात. इथे भविष्य सांगणारे आणि ते घडवून आणणारे एकच आहेत. गुन्हेगारी ही कुठल्या एका जमातीची गोष्ट नसून तिच्यात व्यवस्थेचाही हात असतो, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

तिसरे, शेवट. अब्बाजीची मुलगी समीरा हिचे प्रेम गुड्डूवर आहे. गुड्डू हा काकाचा, म्हणजे या चित्रपटातल्या बँकोचा, मुलगा, आणि तो हिंदू आहे. अब्बाजीला या लग्नाची अडचण वाटत नाही. मकबूलला मात्र वाटते, कारण या लग्नामुळे गादी गुड्डूकडे जाईल. म्हणजे धर्म आड येत नाही, सत्तेची हाव आड येते. निम्मी मूल जन्माला घालून मरते. मकबूल बंदूक घेऊन इस्पितळात पोहोचतो, तेव्हा समीरा आणि गुड्डू ते मूल उचलून घेताना त्याला दिसतात. तो बंदूक टाकून बाहेर पडतो आणि मारला जातो. मूळ नाटकात मॅकबेथचे शीर कापून आणले जाते आणि नव्या राजाचा जयघोष होतो. इथे सूड संपतो आणि एक लेकरू हिंदू-मुसलमान जोडप्याच्या कुशीत जाते.

मकबूल या शब्दाचा अर्थ स्वीकारलेला, मान्य झालेला. निकाहाच्या वेळी आपण ‘कुबूल है’ म्हणतो, त्याच मुळातून तो आला. चित्रपटभर हा माणूस कोणीतरी आपल्याला कुबूल करावे म्हणून धडपडतो. शेवटी त्याला नाही, पण त्या मुलाला कुणीतरी कुबूल करते.

इरफान २९ एप्रिल २०२० रोजी गेला. त्याच्या मकबूलने मला एक प्रश्न देऊन ठेवला आहे. पडद्यावर आपल्याला इतके खोल दुःख मिळाले, पण त्यासाठी आधी गुंड व्हावे लागले. याचा दोष एकट्या भारद्वाजांना देता येत नाही. त्यांनी मिळालेल्या चौकटीत जमेल तेवढी माणुसकी भरली. चौकट बदलायची तर कथा सांगणारे आपल्यातून यावे लागतील. खऱ्या मॅकबेथच्या वतीने बोलायला कुणी उरले नव्हते, आपण तर अजून आहोत. आणि मराठी ही आपलीच भाषा आहे, तिच्यात लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.