जठरव्रण आणि जेवणाचें ताट

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हा मूळचा भाताचा मुलूख. मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांवर नाचणी-वरी पिकते खरी; पण ताटांत मान भाताचाच. तापकऱ्याला पेज, अशक्ताला मऊ भात, पोट दुखणाऱ्याला दूधभात, हें येथील घरगुती वैद्यक. जठरांत किंवा लहान आंतड्याच्या आरंभीं व्रण झालेल्या माणसाच्या वांट्यालाहि हेंच पथ्य येई. मग तिखट गेलें, आंबट गेलें, डाळ गेली, भाकरीहि गेली. रोगी दुखण्यानें खंगला कीं पथ्यानें, हें पुष्कळदां कळेनासें होई. ह्या पथ्याचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

अशीं पोटदुखणीं आपल्याकडील वैद्यांना अपरिचित नव्हतीं. हजार वर्षांहून जुन्या ‘माधवनिदान’ ग्रंथांत दोन शूल वेगळे सांगितले आहेत. अन्न पचत असतां उठणारा तो परिणामशूल. अन्न पचो वा न पचो, राहणारा आणि पित्त उलटून पडल्यावर शमणारा तो अन्नद्रवशूल. दुखण्याचें जेवणाच्या वेळेशीं असलेलें नातें त्या काळींच हेरलें गेलें होतें.

पाश्चात्य वैद्यकांत इ. स. १९१५ मध्यें शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. दर तासाला थोडें दूध व साय, आणि मधून मधून अम्ल मारणारा क्षार, असा तिचा क्रम होता. ती जगभर पसरली व अनेक वर्षें टिकली. दुधानें घटकाभर बरें वाटे. परंतु तेंच दूध पुढें जठरांतील अम्ल वाढवी. दूध व क्षार यांच्या अतिरेकानें कित्येकांच्या मूत्रपिंडांना अपायहि झाला.

व्रणांतून रक्त वाहूं लागलें तर रोग्याला उपाशीच ठेवावें, असा त्या काळीं दंडक होता. कोपनहेगनच्या डॉ. मेउलेनग्राख्ट यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तो मोडला. पहिल्या दिवसापासून ते अशा रोग्यांना बारीक केलेलें, पण भरपूर अन्न देऊं लागले. रोगी दगावतील अशी भीति होती. उलट मृत्यूंचें प्रमाण घटलें. अशक्त शरीराला उपासानें बळ येत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें.

भात खाणाऱ्या मुलुखाचा प्रश्न हातीं घेतला तो मुंबईच्या एका रेल्वे-डॉक्टरांनीं. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं १९६४ मध्यें दाखविलें कीं, दक्षिणेकडील भात खाणाऱ्यांत हा व्रण पंजाबांतील गहूं खाणाऱ्यांपेक्षां पुष्कळ अधिक. १९७८ मध्यें त्यांनीं व्रणाच्या रोग्यांचीच तुलना प्रसिद्ध केली. कोंड्यासकट गव्हावर राहिलेल्यांत व्रण उलटण्याचें प्रमाण भातावर राहिलेल्यांहून फारच कमी आढळलें. पोळी चावावी लागते व तिच्यांत लाळ मिसळते. मऊ भात तसाच गिळला जातो, असा त्यांचा तर्क. रुग्ण थोडे असल्यानें हा शेवटचा शब्द नव्हे. पण मऊ तेंच हितकर, ह्या समजुतीला त्यानें धक्का दिला.

खरा उलगडा ऑस्ट्रेलियांत झाला. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ च्या सुमारास जठरांतील एक वळणदार जंतु ओळखला. मार्शल यांनीं १९८४ मध्यें तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज व्रणाचीं मुख्य कारणें दोनच मानतात: हा जंतु आणि वेदनाशामक गोळ्यांचें नित्य सेवन. मिरची व काळजी यांवर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेला ठपका बव्हंशीं चुकीचा ठरला. मात्र जंतु पुष्कळांच्या पोटांत असतो आणि व्रण थोड्यांनाच होतो. म्हणून अन्नाचा विचार अगदींच निरर्थक झाला नाहीं.

तर मग ताटांत काय असावें? जंतूवर औषध डॉक्टरच देतील. तें मध्येंच सोडूं नये. अन्नानें व्रण बरा होत नाहीं, पण अन्नावांचून माणूस बरा होत नाहीं. वरण, भाजी, पोळी, नाचणीची भाकरी, फळें, अंडें वा मासळी, सर्व चालतें. ज्याला जो पदार्थ बाधतो तेवढाच त्यानें टाळावा. तंबाखू व दारू मात्र सोडावी. पहाटेची गाडी गांठणाऱ्या डोंबिवलीकरानें दुपारपर्यंत रिकाम्या पोटीं चहावर राहण्यापेक्षां डब्यांतले दोन घांस सावकाश चावून खावे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

पथ्याच्या नांवाखालीं माणसाचें ताट रिकामें करणें सोपें. तें विचारानें भरणें कठीण. शंभर वर्षांच्या ह्या इतिहासानें शिकविलें तें दुसरेंच काम.